भिंतीआडची परीक्षा

‘आमच्या रंगूनला असं न्हाई.’

हे म्हणताना ती दोन्ही हात कोपरापासून वर धरायची, बोटं पसरून, कुठं टेकू नयेत म्हणून. हात नेहमी ओले. चहाचा कप उचलायच्या आधी हात धुवायची आणि कप खाली ठेवला की पुन्हा धुवायची. दवाखान्यामागच्या रांजणाचं पाणी दुपारपर्यंत आटायचं, त्यातलं निम्मं या बाईच्या हातांवरून जातं, अशी पाणक्याची तक्रार होती. मनगटात बांगडी नव्हती. लोक विधवा समजून हळहळत. लग्नच झालेलं नाही हे कळल्यावर जास्त हळहळत.

पायात मोजे आणि कापडी बूट. दुपारी काम आटोपलं की मागच्या पायरीवर बसून ती चिरूट ओढायची. बरोबर आणलेले चिरूट कधीच संपले होते, आता बाजारातला तंबाखू आणून स्वतः वळायची. बाईमाणसानं मिसरी लावलेली हिंगोलीत चालायची, पण चिरूट? समोरच्या जिनिंगमधले गडी कापसाचं बोचकं खाली टाकून बघत उभे राहायचे. ती त्यांना हात करून म्हणायची, "पाहून घ्या रे बाबांनो. आमच्या रंगूनला म्हाताऱ्या बाया बी ओढत्यात."

गावानं तिला रंगूनबाई म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं. कोणी जात विचारली तरी ती रंगून म्हणूनच सांगायची.

मी त्या दवाखान्यात कारकून होतो. शिरड शहापूरच्या आमच्या भावकीत कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नसे. आजही देत नाही. माझा बाप पाटी न धरता मेला, म्हणून माझ्या पदवीची किंमत मला माहीत आहे. ती मला ‘बीए भाऊ’ म्हणायची. थट्टेनं की मानानं, हे मी कधी विचारलं नाही. मान समजूनच चाललो.

मूळची ती जवळा बाजारची. अंगावर पीत होती तेव्हा बापानं बायको-लेक घेऊन गाव सोडलं, तो थेट रंगूनला गेला, गोदीत मुकादम झाला. लेक तिथंच वाढली. तिथल्या मोठ्या दवाखान्यात तिनं नर्सिंगचा पुरा अभ्यास केला, परीक्षा दिली, शिक्क्याचा कागद मिळवला. मग लढाई आली, जपानची विमानं आली, आणि डोंगरातून पायी निघालेल्या लोकांत हे तिघं निघाले. आई वाटेत गेली. बाप हिंगोलीपर्यंत पोचला, पण त्याचं डोकं त्या डोंगरातच कुठंतरी राहिलं. त्याच्या लेखी चालणं अजून संपलेलंच नव्हतं. दवाखान्यामागच्या खोलीच्या दारात तो मुंडासं बांधून, काठी मांडीवर घेऊन, निघायच्या तयारीत बसलेला असायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "जवळा आला का?"

"येऊन राहिला, बाबा," असं आतून उत्तर यायचं.

जवळ्यात त्यांचं काही उरलं नव्हतं. घराच्या जागी चुलत्यांचा गोठा झाला होता आणि चुलते ओळख दाखवत नव्हते. पण जवळ्याला एक लहानसा सरकारी दवाखाना होता. बाळंतपणासाठी तिथं बाई पाहिजे होती आणि तिला राहायला खोली मिळणार होती. आमचे डॉक्टरसाहेब तिला म्हणाले होते, "तुमची मंजुरी येऊ द्या, बाई. तुम्हाला जवळ्यालाच टाकतो."

तिला एवढंच पाहिजे होतं. म्हाताऱ्याला जवळ्यात नेऊन बसवायचं. "एकदा त्याला सांगता आलं पायजे, बीए भाऊ," ती म्हणायची, "का आला बाबा, उतर आता."

अडलं होतं ते मंजुरीपाशी. निजामाच्या राज्यात रंगूनचा कागद परमुलखातला. खरा-खोटा पाहायचा तर रंगूनला विचारायला पाहिजे, आणि रंगूनात जपानी बसलेले. मग वरच्या कचेरीनं तोड काढली. बाईनं दहा बाळंतपणं डॉक्टरांच्या देखत करावीत. हात कसे धुते, नाळ कशी कापते, सगळं डॉक्टरांनी पाहून लिहून घ्यावं. बरोबर उतरली तर मंजुरी.

हुकूम वाचून डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढला. "देखत म्हणजे? बाळंतिणीच्या खोलीत मी जाऊ? गावात राहायचंय मला!"

खरंच होतं ते. आपल्याकडं त्या काळी बाळंतिणीच्या खोलीत नवराही डोकावत नसे, मग डॉक्टर तर परका पुरुष. हुकूम लिहिणाऱ्याच्या घरीही पोरं झालीच असतील, पण त्याच्या हे ध्यानात आलं नव्हतं. दोन दिवस विचार करून साहेबांनी मार्ग काढला. त्यांनी ओट्यावर बसायचं, दाराकडं पाठ करून. बाई आत जे जे करेल ते ते तिनं मोठ्यानं सांगायचं. साहेब ऐकतील, कारकून लिहील.

"म्हंजी डोंबाऱ्याच्या खेळावानी?" ती हसत म्हणाली.

"हुकूम आहे, बाई."

तिनं मागच्या खोलीच्या दिशेनं पाहिलं. म्हाताऱ्याचा आवाज येत होता. "बराबर," ती म्हणाली.

पहिलं बाळंतपण जिनिंगच्या मागच्या गल्लीत, एका हमालाच्या घरी झालं. दवाखान्याची खुर्ची डोक्यावर घेऊन चपराशी पुढं, मागं साहेब, त्यांच्या मागं दौत-टाक घेऊन मी. गल्लीला वाटलं जप्तीच आली. साहेब भिंतीकडं तोंड करून बसले. आतून आवाज आला :

"हात धुतले, साहेब! साबनानं! कोपरापोतर!"

"लिहा," साहेब म्हणाले. मी लिहिलं.

"कातर उकळली! दोरा उकळला!"

मी लिहिलं. पुढं ती जे सांगत गेली ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिथं मात्र मी ते वळणदार अक्षरात लिहीत होतो आणि अख्खी गल्ली ऐकत होती. बायका दारात, गडी झाडाखाली. कोणीतरी मधेच ओरडलं, "बाई, जरा हळू सांगा, बैल बुजून राहिले!" सगळे हसले. साहेबही भिंतीकडं तोंड करून हसले. मीही हसलो. शेवटी, "पोरगी! रडली! नाळ दोन जागी बांधून मधी कापली!" अशी आरोळी आली तेव्हा झाडाखालच्या गड्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती हमालाची बायको पुढं कितीतरी दिवस आडवाटेनं पाण्याला जायची. तिच्या वेणा कशा, तिचं काय काय झालं, हे गल्लीतल्या पोराठोरांना तोंडपाठ झालं होतं. हे मला तेव्हाच कळलं होतं. कळून काही वाटलं नव्हतं, एवढंच.

बऱ्या घरातली कोणी तयार होईना. एक सावकार मला म्हणाले, "बाई गुणाची असेल हो तुमची, पण आमच्या सुनेचं पोट गावभर कशाला?" मग उरले कोण? हमाल, जिनिंगच्या कामकरणी, टांगेवाल्याची बायको, गावाबाहेरच्या वस्तीतल्या बाया. साहेब येणार म्हटल्यावर ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं, ते. अशी नऊ झाली. नऊच्या नऊ बायका उठून कामाला लागल्या, नऊच्या नऊ लेकरं जगली. गल्लीतल्या पोरांना एक नवा खेळ मिळाला. ती दिसली की ओरडायची, "हात धुतले, साहेब!" ती थांबून त्यांना दुरुस्त करायची. "कोपरापोतर म्हन की रे. अर्धं काहून सोडतो?"

सगळं हसण्यावारी नेणारी बाई आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

एकदा दुपारी पायरीवर चिरूट ओढता ओढता तिनं मला विचारलं, "बीए भाऊ, तुमी परीक्षेला बसले तवा वर्गाच्या भायेर गाव जमत होतं का?"

"छे! चिडीचूप असायचं सगळं."

"अन् परीक्षा लिहिली कशावर तुमी?"

"कशावर म्हणजे? कागदावर."

"तर मग," ती म्हणाली. तिनं चिरूट पायरीवर घासून विझवला. "म्या बायांच्या अंगावर लिहून राहिले."

मी हसलो. ती हसली नाही.

दहावं बाळंतपण माझ्या घरचं. माझी थोरली बहीण, आमची अक्का. तिची पहिली दोन लेकरं सासरी सुईणीच्या हातून गेली होती. तिसऱ्या वेळेला मी तिला हिंगोलीला माझ्या भाड्याच्या घरी आणलं. शिकलेल्या भावाच्या घरी शिकलेली बाई बाळंतपण करणार, हे मी शेजाऱ्यांना आपणहून सांगितलं होतं. साहेबांनाही सांगितलं, "दहावं माझ्याकडचं धरा." साहेबांनी पाठ थोपटली. रंगूनबाईनं अक्काला आधी दोन-तीनदा येऊन तपासलं, तिचे पाय दाबून दिले, तिला रंगूनच्या गोष्टी सांगितल्या. अक्का पहिल्यांदाच न भिता झोपली.

भर दुपारी वेळ आली. साहेब आले, खुर्ची आली. कोणी बोलावलं नव्हतं तरी समोर माणसं जमली. बीएच्या घरचा खेळ, सोडतो कोण? जिनिंगचे गडी, शेजारपाजार, दोन टांगेवाले. मी माझ्याच ओट्यावर मांडी घालून बसलो आणि कागद गुडघ्यावर घेतला.

"हात धुतले, साहेब! कोपरापोतर!"

मी लिहिलं.

"कातर उकळली!"

मी लिहिलं. तेवढ्यात आतून अक्काचा आवाज आला. हळूच बोलली होती, पण दार फळ्यांचं, फटी बोटभर.

"बाई, नगा ना वो. भाऊ बसलाय भायेर."

 माझा टाक कागदावर टेकलेला होता, तिथं शाईचा डाग पसरत गेला. वर पाहायची माझी छाती होईना. अक्कानं मला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. पुढची आरोळी कशाची असते हे मला नऊ वेळा लिहून पाठ झालं होतं.

आरोळी आली नाही.

"बाई?" साहेब भिंतीला म्हणाले. "पुढं?"

आत पितळेचं भांडं वाजलं, बाकी काही नाही.

"बाई, बोला. बोलला नाहीत तर लिहिता येणार नाही मला. दहावं आहे हे!"

तेव्हा ती दाराच्या अगदी जवळ येऊन, रोजच्या आवाजात म्हणाली, "नका लिहू, साहेब."

आणि आतून कडी लागली.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी कागदाकडं. गर्दीतलं कोणीतरी म्हणालं, "आरं, बंद पडलं का?" थोडा वेळ माणसं रेंगाळली, मग कंटाळून पांगली. आम्ही दोघं बसून राहिलो. बऱ्याच वेळानं लेकरू रडलं. मोठा आवाज होता. पोरगा की पोरगी, कोणी सांगितलं नाही. ते मला सांजच्याला, आत गेल्यावर कळलं. पोरगी होती. अक्का तिच्याकडं पाहात पडली होती, तिचे केस कोणीतरी विंचरून दिले होते.

साहेब उठता उठता म्हणाले, "काय लिहिता? ऐकू आलं नाही, असं लिहा. खरं तेच आहे." मी तसं लिहिलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावलं. "बाई, आणखी कोणाचंही एक बाळंतपण करा. ते नको असेल तर असं करा, रिकाम्या खोलीत उभ्या राहा आणि ओरडा. मी बाहेर बसतो, लिहून देतो. कोण विचारतंय?"

"खरं करून वरडत होते तवाच लाज वाटत होती, साहेब. आता खोटं वरडू?"

"मग खरं करा!"

"न्हाई." तिनं हात वर धरले नव्हते. पदराला पुसत होती, सारखी पुसत होती. "त्या नऊ जणींनी मला नगा म्हनलं न्हाई. मला वाटलं त्यांना चालून राहिलं. अक्का बोलली तवा ध्यानात आलं, त्यांना बोलता येत नव्हतं. म्या शिकलेली नर्स, अन् मला एवढं कळलं न्हाई? आमच्या रंगूनला पडदा लावल्याबिगर पेशंटचा पाय बी उघडा करत नव्हतो. इथं म्या त्यांना अख्ख्या गल्लीपुढं उघडं केलं. बस झालं, साहेब."

"अन् जवळा?"

 मागच्या खोलीच्या दारातून तोच आवाज येत होता, तोच प्रश्न. या वेळी तिनं उत्तर दिलं नाही.

अक्काला हे मी सांगितलं. न्हाणं-धुणं होऊन ती उठली आणि एके दिवशी मला न विचारता, लेकरू पदरात घेऊन दवाखान्यात आली. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. साहेबांच्या टेबलापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "म्या सांगते काय काय केलं बाईनं. लिहून घ्या."

आणि तिनं सांगितलं. हात धुण्यापासून सगळं, एकापाठी एक. पोर आडवं होतं ते बाईनं वरून हातानं कसं सरळ केलं, तेही. चपराशी दारात होता, कंपाउंडर औषध घोटायचा थांबला होता, मी माझ्या टेबलाशी होतो. जे माझ्या कानावर पडू नये म्हणून ती वेणांमध्येही बोलली होती, तेच ती आता माझ्यासमोर उभी राहून बोलत होती. शेवटापर्यंत ती थांबली नाही.

साहेबांनी मान खाली घातली होती. "तुमचं सगळं खरं आहे, अक्का. पण हुकमात डॉक्टर म्हटलंय. बाळंतिणीची साक्ष चालत नाही."

"माझ्यावर गुजरलं, ती म्या साक्षी न्हाई? अन् पाठ फिरवून बसले ते साक्षी?"

 अक्कानं लेकरू या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि निघून गेली. तिच्या मागं जाऊन तिला घरापर्यंत सोडायला पाहिजे होतं. कामाची वेळ होती, म्हणून मी बसून राहिलो.

साहेबांनी वरच्या कचेरीला विचारलं. नऊ बरोबर उतरली आहेत, दहावं धरावं का? उत्तर यायला वेळ लागला. उत्तर असं की नऊ म्हणजे दहा नव्हेत. रंगूनबाईची नेमणूक तात्पुरती होती, ती संपली. जवळ्याला दुसरी कोणी बाई गेली. तिचा कागद आपल्याच राज्यातला होता. तिला कोणी ओरडायला लावलं नाही.

पैनगंगेच्या पलीकडं इंग्रजांचा अंमल, आणि रंगूनलाही इंग्रजांचाच होता. वाशीमकडच्या एका दवाखान्यानं तिचा कागद पाहिला आणि लगेच या म्हणून कळवलं. इथून गाडीच्या एका दिवसाच्या रस्त्यावर तो कागद परमुलखातला राहिला नाही. फक्त जवळा दक्षिणेला, आणि गाडी उत्तरेला जाणार होती.

निघायच्या दिवशी म्हातारा, जवळ्याला निघालो असं समजून, सगळ्यांच्या आधी गाडीत चढून बसला. इतका खुशीत मी त्याला कधी पाहिला नव्हता. बैलांना नावं दिली, गाडीवानाला रस्ता सांगायला लागला. गाडी उलट्या तोंडानं वळली तेव्हाही त्याला काही कळलं नाही. सरहद्दीच्या नाक्यावर सामानाची तकलीफ होऊ नये म्हणून मी बरोबर गेलो. वाटेत कितीदा काहीतरी बोलायचं ठरवलं. शेवटी तोंडातून निघालं ते असं :

"पत्र पाठवा."

"काय लिहू? तुमी सगळं लिहूनच घेतलंय की," ती म्हणाली, आणि मग माझं तोंड पाहून तिनंच सावरून घेतलं. "अक्काला म्हनावं, पोरीला वरचं दूध उकळून देत जा. अन् तुमी भाचीला नुसतं ‘पोरी’ म्हनत जाऊ नका, तिच्या नावानं हाक मारत जा. नाव चांगलं ठेवलंय."

नाक्याच्या शिपायानं पेटी उघडून पाहिली, मिटवली. नदीला पाणी थोडं होतं. गाडी उतारातून खाली गेली, पाणी उडवत पलीकडं चढली. वर गेल्यावर म्हाताऱ्यानं गाडी थांबवायला लावली. तो खाली उतरला. काठी बाजूला ठेवली, त्या मातीवर दोन्ही गुडघे टेकले आणि कपाळ टेकलं. मग चिमूटभर माती उचलून त्यानं स्वतःच्या कपाळाला लावली, आणि हात उंच करून लेकीच्या. ती वाकली, लावून घेतली आणि तशीच उभी राहिली. त्याला उठवलं नाही.

शिपाई डोळ्यांवर हात धरून पाहात होता. मला म्हणाला, "बुड्ढा क्या कर रा जी वां?"

"चक्कर आया होगा," मी म्हणालो.